माती उचलण्याआधी

प्रिय,

खोदकामाआधी वरची चांगली माती उचलून जपायची, त्यासाठी काढलेला तुझा नकाशा पाहिला. रंग सुरेख भरले आहेस, पण हा वाचणार कोण? कार्यालयातल्या टेबलासाठी काढल्यासारखा वाटतो. माझ्या मते तो पोकलेन चालवणाऱ्यासाठी काढायचा असतो. त्याला मातीच्या वर्गाचं नाव नको असतं. इथे किती खोल खरवडू आणि कुठे थांबू, एवढंच त्याला हवं असतं.

माझ्या पहिल्या कामावर मी सरसकट ३० सेंटिमीटर लिहून दिलं होतं. सरासरी तेवढीच येत होती, गणित चोख! प्रत्यक्षात टेकाडावर वरची माती जेमतेम १२ सेंटिमीटर, तिच्यात खालचा चुनखडीचा मुरूम कालवला गेला. आणि सखल भागात ८० सेंटिमीटर चांगली माती होती, तिच्यातली ५० दगडधोंड्यांबरोबर भरावात गेली. गेली ती गेलीच. एका हेक्टरवरचे १० सेंटिमीटर म्हणजे १,००० घनमीटर माती. चाळीस हेक्टरांत तेवढीच चूक झाली तर काय, ते तूच मांड.

म्हणून चौकटी आखून डोळे मिटून ऑगर, म्हणजे माती वर काढणारं गिरमिट, टोचत सुटू नकोस. आधी सगळी जमीन पायी फिर. उतार मोडतो तिथे, गवताची जात बदलते तिथे, पाणी तुंबतं तिथे भोक घे. ऑगर थर ढवळून वर आणतो, त्यामुळे जमिनीच्या प्रत्येक प्रकारात निदान एक खड्डा खणवून घे, आत उतर, सुरीने भिंत खरवड. मुळं कुठवर पोचली आहेत ते बघ. मातीचा रंग जुळवायच्या पट्टीपेक्षा माझा मुळांवर जास्त भरवसा. ओली माती अंगठा आणि बोटात दाबून फीत काढ. ५ सेंटिमीटरच्या पुढेही तुटली नाही तर चिकणमाती समज. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाकून फसफसलं तर चुना आहे.

रंगाला मात्र भुलू नकोस. काळीभोर दिसणारी मातीही चोपण निघू शकते. विनिमयक्षम सोडियम, म्हणजे मातीच्या कणांना धरून बसलेल्या क्षारघटकांतला सोडियमचा वाटा, १५ टक्क्यांच्या वर असेल तर ती माती पावसात विरघळल्यासारखी होते, मग वर पापुद्रा धरते, आणि कोंब खालीच गुदमरतात. असली माती ‘वरची’ म्हणून जपून ठेवण्यात काय अर्थ? प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत तिची खोली नकाशावर चढवू नकोस.

वरची माती आणि खडक यांच्या मधला थर वेगळा उचल, वेगळा ठेव. पुढे मुळांना त्याच्यातच उतरायचं असतं. खालच्या खडकात पायराइट, म्हणजे लोह आणि गंधकाचं खनिज, असेल तर हवापाणी लागताच आम्ल सुटतं, तेव्हा हा थर पुरेसा जाड असलेला बरा.

आता ज्यावरून तुझं कंत्राटदाराशी वाजणार आहे ते. वाफसा आल्याशिवाय माती हलवू द्यायची नाही. तळहातावर मातीची वळी कर. ३ मिलिमीटर जाडीपर्यंत न तुटता वळली गेली तर माती अजून ओली आहे, यंत्रं उभी राहू देत. ओल्या मातीवरून डंपर गेला की तिच्यातल्या पोकळ्या चेपतात, आणि नंतर कितीही नांगरलं तरी ती पहिल्यासारखी होत नाही. यंत्रांचं भाडं चढतंय म्हणून तुझ्यावर ओरडतील. ओरडू देत.

ढीग लावायचाच नाही हे सगळ्यात उत्तम. एकीकडची माती थेट दुसरीकडच्या तयार भरावावर पसरावी. मातीत पडलेलं निम्मंअधिक बी वरच्या काही सेंटिमीटरांतच असतं, ढिगात पुरलं की कुजतं किंवा आतल्या आत उगवून मरतं. ढिगाच्या पोटात हवा पोचत नाही, गांडुळं आणि मुळांशी संगत करणारी बुरशी कमी होत जाते. ठेवणं भागच असेल तर उंची दोन-तीन मीटरांच्या आत ठेव, लगेच गवत पेर, ढिगावर वाहन चढू देऊ नकोस, आणि कुठली माती कुठल्या ढिगात गेली याची पाटी लाव. सुटी झालेली माती फुगते, म्हणून जागा मोजताना हात सैल ठेव.

नकाशा पुन्हा काढशील तेव्हा खोलीनुसार चारच रंग ठेव आणि त्याच रंगांच्या खुंट्या जमिनीवर ठोक. पहिल्या दिवशी सकाळी पोकलेनच्या बादलीशेजारी तू स्वतः उभं राहायचं. चालकाला खालच्या थराचा बदललेला रंग एकदा हातात घेऊन दाखव, दुपारपर्यंत तोच तुला थांबवून विचारायला लागेल.

तुझा,
जुना सहकारी