फेंगडे पाय म्हणजे नेमके कोणते, आणि डॉक्टरकडे कधी न्यायचे

ताई, दीड वर्षाच्या लेकाला घरात सगळे 'फेंगडा' म्हणतात, मालिशने पाय सरळ होतील का, असं तुम्ही विचारलंय. आधी शब्दाचं बघू, कारण घोळ तिथूनच सुरू होतो.

आपल्या खान्देशात हा शब्द फार सैल वापरतात. पाय फाकवून चालला तरी फेंगडा, पावलं बाहेर वळली तरी फेंगडा, आणि गुडघ्याशी पाय खरोखर बाहेर वाकलेला असला तरी फेंगडाच. डॉक्टर ज्याला 'बो लेग' म्हणतात तो फक्त शेवटचा प्रकार. गुडघे एकमेकांना घासतात आणि घोटे लांब राहतात, ते याच्या उलट, 'नॉक नी'. फताडा पाय म्हणजे पसरट पाऊल, त्याचा इथे संबंध नाही. जाड डायपर बांधलेलं किंवा नुकतं चालायला लागलेलं मूलही फेंगडं चालतं. तोल सांभाळायला ते पाय फाकवतं.

म्हणून चाल बघू नका, मोजा. मुलाला सतरंजीवर उताणं झोपवा, पाय सरळ करा आणि गुडघ्याच्या वाट्या बरोबर छताकडे आणा. बहुतेक जण इथेच चुकतात: वाटी बाजूला वळलेली राहिली तर सरळ पायही वाकडा दिसतो. मग दोन्ही घोटे अलगद टेकवून गुडघ्यांमधलं अंतर मोजपट्टीने घ्या. तारीख घालून लिहून ठेवा, वरून एक फोटो काढा, आणि 3 महिन्यांनी तसंच पुन्हा करा. एका आकड्यापेक्षा तो कमी होतोय की वाढतोय, हे महत्त्वाचं.

जन्मतः सगळ्याच बाळांचे पाय थोडे बाहेर वाकलेले असतात. दीड ते दोन वर्षांपर्यंत ते सरळ होतात, 3-4 वर्षांच्या सुमारास उलट गुडघे आत येतात, आणि 7 वर्षांपर्यंत मोठ्या माणसासारखी ठेवण येते. तेव्हा तुमच्या लेकाच्या वयाला थोडा बाक चालतो. अंतर 6 सेंमीपेक्षा जास्त असेल, एकच पाय वाकडा असेल, बाक वाढत असेल, मूल लंगडत असेल किंवा वयाची दोन वर्षं उलटूनही फरक नसेल, तर हाडांच्या किंवा बालरोग डॉक्टरकडे न्या. वजनदार, लवकर चालायला लागलेल्या काही मुलांत नडगीच्या वरच्या टोकाची वाढ आतल्या बाजूने खुंटते, तो आजार वेगळा. तो सहसा आपोआप जात नाही.

मुडदुसाकडे, म्हणजे हाडं मऊ राहून पाय वाकण्याच्या आजाराकडे, मात्र नीट लक्ष द्या. मनगटं जाड दिसणं, छातीच्या फासळ्यांवर मण्यांसारख्या गाठी, टाळू दीड वर्षानंतरही न भरणं, दात आणि चालणं उशिरा, या त्याच्या खुणा. जळगावच्या उन्हात मुडदूस कसा, असं लोक विचारतात. पण मूल दिवसभर घरात असेल तर बाहेरच्या उन्हाचा काय उपयोग? बंद काचेतून आलेल्या उन्हाने 'ड' जीवनसत्त्व तयार होत नाही. शिवाय ज्वारी-बाजरीत कॅल्शियम कमीच. भाकरीसोबत दूध-दही हवं, नाचणी असली तर उत्तम. डॉक्टर मनगटाचा आणि गुडघ्याचा एक्स-रे, रक्तातलं कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज आणि 'ड' जीवनसत्त्व तपासतील. फॉस्फरस वगळू देऊ नका, कारण तो कमी असल्याने होणारा मुडदूस नुसत्या 'ड'ने बरा होत नाही.

मेडिकलमधून 60,000 युनिटची पुडी आणून मनाने देऊ नका. जास्त झालं की रक्तात कॅल्शियम वाढतं, उलट्या आणि बद्धकोष्ठता होते, मूत्रपिंडालाही धोका असतो.

मालिश खुशाल करा, बाळाला बरं वाटतं. पण तिने हाड सरळ होत नाही, आणि पाय ओढून दाबू तर मुळीच नका. कडेवर घेतल्याने किंवा डायपरने पाय वाकतात हा गैरसमज आहे. उलट तान्ह्या बाळाचे पाय सरळ करून घट्ट गुंडाळणं खुब्यासाठी वाईट. आणि सासूबाईंना सांगा, मूल आता बोलणं समजायला लागलंय, 'फेंगड्या' हे नाव चिकटायच्या आत थांबवा.