रिक्वायरमेंट सतत बदलत असतील तर वॉटरफॉल सोडून स्क्रम घ्यावं का?

तुमचा प्रश्न असा आहे: ग्राहक दर आठवड्याला रिक्वायरमेंट (सॉफ्टवेअरने काय करावं याची मागणी) बदलतो, मग वॉटरफॉल (एकेक टप्पा पूर्ण करत एकाच दिशेने जाण्याची पद्धत) सोडून स्क्रमकडे (छोट्या टप्प्यांत काम करून दरवेळी ग्राहकाला दाखवण्याची पद्धत) गेलो तर हा त्रास थांबेल का?

नुसत्या तेवढ्याने थांबणार नाही. मॉडेल, म्हणजे कामाची ही चौकट, बदललं की बदल हाताळायची पद्धत बदलते, बदल येण्याचं कारण तसंच राहतं. म्हणून आधी गेल्या दोन-तीन महिन्यांतले सगळे बदल एका शीटवर उतरवा आणि प्रत्येकासमोर त्याचं कारण लिहा. सहसा तीन गट पडतात. काही बदल बाहेरून आलेले असतात: नियम बदलला, जोडलेली दुसरी सिस्टीम बदलली. काही वेळा प्रत्यक्ष स्क्रीन पाहिल्यावरच ग्राहकाला आपल्याला काय हवंय ते उमगतं. आणि काही गोष्टी पहिल्या दिवसापासून तशाच होत्या, पण कुणी विचारल्याच नाहीत. पहिल्या दोन गटांवर छोट्या टप्प्यांचा इलाज चालतो. तिसरा गट मोठा असेल तर स्क्रममध्येही तोच त्रास दर स्प्रिंटला (स्क्रममधल्या ठरावीक मुदतीच्या छोट्या टप्प्याला) नव्याने समोर येईल, आणि बहुतेक टीम्सचं दुखणं तिथेच असतं.

या तिसऱ्या गटावर उपाय म्हणजे विचारण्याची पद्धत सुधारणं. "तुम्हाला काय हवंय?" असं विचारलं की ग्राहक उत्तर म्हणून थेट एखादं बटण किंवा रिपोर्ट सुचवतो. त्याऐवजी "मागच्या वेळी हे काम केलंत तेव्हा सुरुवातीपासून शेवटपर्यंत काय काय केलंत?" असं विचारा. मग प्रत्येक पायरीवर अपवाद विचारत जा. अर्धवट सोडलं तर? दोघांनी एकाच वेळी तीच नोंद उघडली तर? मंजुरी देणारा रजेवर असेल तर? चूक महिन्याभराने सापडली तर? हे प्रश्न मागणी करणाऱ्या वरिष्ठाला नव्हे, रोज ते काम करणाऱ्याला विचारायचे. त्याच्याकडे जुन्या सिस्टीमच्या जोडीला स्वतःची एखादी एक्सेल शीट आहे का, तेही पाहा. असेल तर तिच्यातला प्रत्येक जादा कॉलम म्हणजे कुठेही न नोंदवलेली रिक्वायरमेंट आहे.

लिहिताना कसोटी एकच: हे वाक्य वाचून टेस्टरला पास की फेल ठरवता येईल का? "शोध वेगवान असावा" यावर काहीच ठरवता येत नाही. "एकाच वेळी २०० वापरकर्ते शोध घेत असताना ९५ टक्के शोधांचे निकाल २ सेकंदांच्या आत दिसावेत" यावर येतं. आकडे तुमचे तुम्ही ठरवा, पण भार, मर्यादा आणि टक्केवारी तिन्ही हवीत. एका वाक्यात एकच मागणी ठेवा. "आणि"ने जोडलेल्या दोन मागण्यांपैकी एकच पूर्ण झाली तर काम झालं की नाही यावर वाद होतो. प्रत्येक रिक्वायरमेंटला क्रमांक, ती कुणी सांगितली, का हवी आहे आणि ती कशी तपासायची, एवढं जोडा. यातलं "का" कधीच गाळू नका. कारण लिहिलेलं असेल तर सहा महिन्यांनी बदल आल्यावर ती मागणी काढून टाकता येते का, ते ठरवता येतं. नाहीतर भीतीपोटी सगळंच जपून ठेवलं जातं.

गृहीतकंही लिहा. ४ जून १९९६ रोजी एरियन ५ या युरोपीय रॉकेटचं पहिलं उड्डाण सुमारे ४० सेकंदांत फसलं. दिशा आणि वेग मोजणाऱ्या यंत्रणेचं सॉफ्टवेअर एरियन ४ मधून आणलेलं होतं. आडव्या वेगाशी संबंधित एक ६४-बिट फ्लोटिंग पॉइंट (दशांश) संख्या १६-बिट पूर्णांकात बसवताना ओव्हरफ्लो झाला, म्हणजे ती त्या जागेत मावली नाही. राखीव युनिटमध्येही तेच सॉफ्टवेअर असल्याने तेही त्याच कारणाने बंद पडलं. जुन्या रॉकेटच्या मार्गावर ती संख्या मर्यादेत राहत असे, नव्या मार्गावर राहिली नाही. नव्या रॉकेटच्या उड्डाणमार्गाची माहिती त्या यंत्रणेच्या रिक्वायरमेंट्समध्ये घातलेलीच नव्हती, असं चौकशीत नोंदवलं गेलं. तुम्ही जुनं मॉड्यूल उचलता तेव्हा त्याची गृहीतकंही सोबत येतात, म्हणून इनपुटची किमान-कमाल मर्यादा आणि एकक कागदावर आणा.

आता मॉडेल. सॉफ्टवेअर तज्ज्ञ विन्स्टन रॉयस यांच्या १९७० च्या पेपरमधली पायऱ्यांची आकृती वॉटरफॉलचं मूळ म्हणून दाखवली जाते, पण त्याच पेपरमध्ये ते सांगतात की असं सरळ एका दिशेने जाणं धोक्याचं आहे, आधी प्राथमिक आवृत्ती करून पाहावी आणि ग्राहकाला मधल्या टप्प्यांवर सामील करावं. निवड करताना मी दोनच गोष्टी बघतो: किती माहीत नाही, आणि उशिरा बदल केला तर तो किती महाग पडेल. हार्डवेअरला बांधलेलं किंवा सुरक्षेची तपासणी लागणारं काम असेल तर व्ही-मॉडेल, कारण त्यात प्रत्येक रिक्वायरमेंटसमोर तिची टेस्ट आधीच ठरते. तंत्रच चालेल का अशी शंका असेल तर सॉफ्टवेअर तज्ज्ञ बॅरी बोहेम यांच्या स्पायरल मॉडेलप्रमाणे (फेऱ्याफेऱ्यांनी पुढे जाण्याची पद्धत) सर्वांत मोठी जोखीम आधी सोडवा. वापरकर्त्याला काय आवडेल हेच माहीत नसेल तर स्क्रम, पण ग्राहकाकडचा निर्णय घेऊ शकणारा माणूस दर स्प्रिंटला हजर असेल तरच. तो नसेल तर डेमोमध्ये सगळे माना डोलावतात आणि खरे आक्षेप रिलीजनंतर येतात.

तुमच्या वर्णनावरून मी सध्या मॉडेलला हात लावणार नाही. पुढच्या बदलापासून एक नियम लावा: तोंडी किंवा चॅटवर आलेली मागणी थेट डेव्हलपरकडे जाणार नाही. ती क्रमांक देऊन नोंदवायची, कोणत्या रिक्वायरमेंट्स, टेस्ट्स आणि डेटाबेसमधल्या टेबल्सना ती धक्का लावते ते लिहायचं, आणि ती घेतली तर त्या बदल्यात काय पुढे ढकलायचं याचं उत्तर ग्राहकाकडूनच घ्यायचं. दोन महिन्यांनी कारणांची शीट पुन्हा काढा. तिसरा गट आटला असेल आणि दुसरा मोठा दिसत असेल, तर दोन आठवड्यांच्या स्प्रिंटने सुरुवात करायला हरकत नाही.