कुत्रं घरात आहे, निवडुंग आणू का?

आणा, जरूर आणा. खरे निवडुंग बहुतेक विषारी नसतात. धोका असतो तो काट्यांचा, आणि नावांच्या घोळाचा.

नवखे लोक हमखास फसतात ते इथे. आपल्याकडे काटा दिसला की ‘निवडुंग’ म्हणायची सवय आहे. शेर, त्रिधारी, लाल फुलांचा युफोर्बिया मिली हे निवडुंग नव्हेतच. त्यांचा पांढरा चीक कुत्र्याच्या तोंडाला आणि डोळ्यांना झोंबतो, पोटात गेला तर उलट्या होतात. म्हणून नर्सरीत दुकानदाराला नेमकं नाव विचारा. नाव सांगता येत नसेल तर ते रोप घेऊ नका. कोरफड आणि जाड पानांचं जेडही टाळा, दोन्ही कुत्र्यांना बाधतात.

सुरुवातीला एवढं सांभाळा:

- फड्या निवडुंग नकोच. त्याची केसासारखी बारीक कुसळं नाकात, जिभेत रुततात आणि काढताना जीव मेटाकुटीला येतो.
- कुंडी शेपटीच्या टप्प्यात नको. खिडकीतली उंच, उन्हाची जागा रोपालाही मानवते.
- हाडांचं खत घालू नका. त्या वासानेच कुत्रं कुंडी उकरतं.

पिल्लू असेल तर मी काटे नसलेला ख्रिसमस कॅक्टस किंवा हॉवर्थियाच (छोट्या कोरफडीसारखं दिसणारं रोप) सुचवेन. दोन्ही बिनविषारी आहेत.

काटा तोंडात किंवा डोळ्यात गेलाच, तर घरी चिमटा घेऊन बसू नका, थेट पशुवैद्याकडे न्या. कलम आणि माती यांचं नंतर बोलू, आधी एक रोप जगवा.