माओरी, मावरी की मौरी?

तुमचा प्रश्न असा आहे की न्यूझीलंडच्या मूळच्या लोकांना मराठीत कुणी माओरी लिहितं, कुणी मावरी, कुणी मौरी, रग्बीच्या बातम्यांत तर माओरीज पण दिसतं, मग बरोबर कुठलं, आणि त्यांच्या भाषेला 'ते रेओ' का म्हणतात.

माओरी लिहा. त्यांच्या उच्चारात आधी लांब आ, मग ओ, मग रि, आणि भरभर बोलताना आ आणि ओ एकमेकांत मिसळतात, इंग्रजीतून ऐकणाऱ्याला ते माउरी वाटतं, मावरी बहुधा तिथूनच आलं असावं. मावरीवर मी फार भांडणार नाही, पण मौरी खरंच नको, कारण मउरि हा त्यांच्याकडे वेगळाच आणि मोठा शब्द आहे, प्राणतत्त्व अशा अर्थाचा, आणि भाषणाला उभं राहताना 'तिहेइ मउरि ओरा' म्हणतात त्यातला तो. शेवटचा रि खरं तर ऱ्हस्व, पण मराठीत शब्दाच्या शेवटचा इकार दीर्घ लिहायचा हा आपला नियम, तेव्हा माओरीच ठीक, उगाच माओरि करायला जाऊ नका.

माओरी शब्दांसाठी देवनागरी रोमनपेक्षा बऱ्याच बाबतीत सोयीची आहे. १८२० साली केंब्रिजचे प्राध्यापक सॅम्युअल ली यांनी होंगी हिका आणि वायकातो या दोन माओरी सरदारांच्या आणि थॉमस केंडल या मिशनऱ्याच्या मदतीने व्याकरणाचं पुस्तक केलं, तिथून ही भाषा रोमनमध्ये नीट बसायला लागली, पण स्वर लांब की आखूड हे दाखवायचा प्रश्न पुढे दीडशे वर्षं लोंबकळत राहिला. जुन्या माओरी वर्तमानपत्रांत ते साधारण दाखवतच नसत. नंतर ऑकलंड विद्यापीठातल्या ब्रूस बिग्ज यांनी लांब स्वराचं अक्षर दोनदा लिहायचा आग्रह धरला, वायकातो भागात अजूनही तसं लिहितात, आणि १९८७ च्या कायद्याने माओरीला अधिकृत भाषेचा दर्जा मिळाला आणि जो भाषा आयोग आला त्याने अक्षराच्या डोक्यावर आडवी रेघ द्यायची पद्धत धरली. आपल्याकडे निदान अ-आ, इ-ई, उ-ऊ साठी हे आयतं आहे. वहिने म्हणजे बाई आणि वाहिने म्हणजे बायका, तङता एक माणूस आणि ताङता माणसं, म्हणजे एका कान्यावर वचन बदलतं, म्हणून हा काना निष्काळजीपणे टाकू किंवा गाळू नये एवढी माझी कळकळीची विनंती आहे. (वहिने आणि आपली वहिनी यांचा काही संबंध नाही हो, दोन्ही भाषा पूर्ण वेगळ्या कुळातल्या आहेत, असे योगायोग जगात कुठल्याही दोन भाषांत सापडतात.)

आणि ङ! आपण मुळाक्षरांत तो घोकतो आणि मग वाङ्मय सोडलं तर फारसा कुठे लिहीत नाही, माओरीत मात्र शब्दच त्याने सुरू होतात. ङाती म्हणजे अमक्याचे वंशज, टोळ्यांच्या नावाआधी लागतं, त्याला लोक नगाती किंवा न्गाती लिहितात तेव्हा वाईट वाटतं, हातात नेमकं अक्षर असताना कशाला. रोमनमधल्या डब्ल्यू-एचचा उच्चार बहुतेक ठिकाणी आपल्या फिल्ममधल्या फ सारखा, घर म्हणजे फरे.

देवनागरी अडते ती दोन ठिकाणी. ए आणि ओ मध्ये लांब-आखूड दाखवायला आपल्याकडे वेगळी चिन्हं नाहीत, त्यामुळे आखूड एचा केके म्हणजे केक आणि लांब एचा केके म्हणजे काख, दोन्ही आपण एकसारखंच लिहिणार, इलाज नाही. दुसरी अडचण म्हणजे शब्दाच्या शेवटचा अ आपण गिळतो, माओरीत तर प्रत्येक शब्द स्वरातच संपतो. त्यांच्या जोशपूर्ण पारंपरिक नाचाचं नाव हक लिहिलं तर मराठी माणूस हक् वाचणार, म्हणून शेवटी काना द्यावाच लागतो. मी हका लिहीन, पण ऑल ब्लॅक्स या न्यूझीलंडच्या रग्बी संघामुळे हाका रूढ झालंय, आणि ते वाचून कुणाला हाक मारल्यासारखं वाटत असेल तर नवल नाही.

माओरीज नको. त्यांच्या भाषेत बहुतेक नामांचं अनेकवचन आधीच्या छोट्या शब्दाने कळतं, 'ते फरे' म्हणजे एक घर आणि ङा फरे म्हणजे घरं. आपल्याकडेही माओरी आला, माओरी आले, माओरींनी, इतकं सरळ होतं, तर मध्ये इंग्रजीचा ज कशाला घुसडायचा?

तोच 'ते' भाषेच्या नावात आहे. रेओ म्हणजे आवाज किंवा भाषा, 'ते' हा एकवचनी निश्चित वस्तूआधी येणारा शब्द, म्हणून 'ते रेओ माओरी' म्हणजे माओरी भाषा आणि लाडाने नुसतं ते रेओ. मराठी वाचक हा ते आपला समजून 'ते लोक' सारखं वाचतो, म्हणून पहिल्यांदा लिहिताना अवतरणात लिहावं. 'ते रेओ भाषा' म्हटलं तर भाषा दोनदा येते. साध्या लेखात माओरी भाषा म्हणा, पुरतं.

माओरी या शब्दाचा मूळ अर्थही सांगतो, साधं, नेहमीचं. वइ माओरी म्हणजे पिण्याचं गोडं पाणी. युरोपियन लोक येईपर्यंत स्वतःला एकच नाव लावायची यांना गरजच नव्हती, जो तो आपल्या टोळीचं नाव सांगायचा, ङापुही, ङाइ तहू वगैरे, आणि आजही बरेच जण आधी तेच सांगतात. आणि कुक बेटांवरचे लोकही स्वतःला माओरी म्हणवतात, त्यांची बोली जवळची असली तरी वेगळी आहे, तेव्हा मजकुरात दोन्ही येत असतील तर न्यूझीलंडचे माओरी असं स्पष्ट लिहा.