डबा आपला, डिस्क आपली, मग चावी कंपनीकडे कशी?

प्रश्न : नमस्कार. मी मुलुंडला राहते, शाळेतून रिटायर झाले. 2016 साली आमच्या ह्यांनी लॅमिंग्टन रोडवरून नेटवर्क स्टोरेजचा डबा आणला होता, राउटरला जोडायचा, आत 4 टीबीच्या 2 डिस्क आणि दोन्हीवर सेम डेटा. लेकीचं लग्न, नातवाचं बारसं, सासऱ्यांच्या कीर्तनाच्या 18 कॅसेट डिजिटल करून घेतल्या त्यासुद्धा सगळ्या त्यातच. आता कंपनीने ॲप बंद केलंय आणि लॉगिन होत नाही. कस्टमर केअरवाला म्हणतो नवीन मॉडेल घ्या, त्यात डिस्कपण आमच्याच लागतील. भाच्याने एक डिस्क काढून लॅपटॉपला लावली तर विंडोज म्हणतं फॉरमॅट करा. घाबरून काढून ठेवली. डिस्क धडधाकट आहेत, मग आमचेच फोटो आम्हाला का मिळू नयेत?

उत्तर : ताई, फॉरमॅटला हो म्हटलं नाहीत हे फार बरं केलंत. डेटा गेलाय म्हणून विंडोज तसं विचारत नाही, त्याला ती डिस्क वाचता येत नाही म्हणून विचारतं. अशा बहुतेक डब्यांच्या आत लिनक्स, म्हणजे विंडोजसारखीच दुसरी एक ऑपरेटिंग सिस्टीम असते आणि डिस्कची मांडणीही लिनक्सचीच, विंडोजला ती आपोआप कळत नाही.

काढलेली डिस्क एवढ्यात परत डब्यात घालू नका, डबा तिच्यावर दुसऱ्या डिस्कची कॉपी करायला घेईल. तिच्यावर तारीख लिहून कपाटात ठेवा. आता डबा एका डिस्कवर चालू करा, राउटरच्या पेजवर त्याचा आयपी नंबर, म्हणजे घरच्या नेटवर्कवरचा पत्ता बघा आणि लॅपटॉपच्या फाइल एक्सप्लोररमध्ये दोन उलट्या तिरक्या रेघा (\\) देऊन तो नंबर टाका. ॲप बंद पडलं तरी घरातल्या घरात फोल्डर उघडू शकतात, बऱ्याच जणांना हे कोणी सांगतच नाही. त्या वेळचे काही डबे नेटवर्कवर फाइल देताना एसएमबी 1 या जुन्या पद्धतीने बोलतात आणि 2017 च्या अपडेटपासून विंडोज 10 नव्याने टाकलं की त्यात ती बंदच येते, तर भाच्याला ती कॉपी होईपर्यंत चालू करायला सांगा आणि नंतर आठवणीने बंद करा.

नाहीच जमलं तर पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालू करायचं, लॅपटॉपमधल्या विंडोजला धक्का लागत नाही. एमडीएडीएम नावाचं फुकट टूल एकट्या डिस्कवरूनही मिरर (दोन डिस्कवर सेम डेटा ठेवणारी जोडी) उभा करतं, डिस्क फक्त वाचण्यापुरती जोडायची आणि सगळं नव्या यूएसबी डिस्कवर उतरवून घ्यायचं. अडचण एकाच ठिकाणी येईल, काही कंपन्या डेटा एन्क्रिप्ट करतात, म्हणजे कुलूपबंद करतात, आणि त्याची चावी डब्यातच ठेवतात. तसं निघालं तर डबा भंगारात अजिबात देऊ नका.

आणि कॉपी होईपर्यंत डब्याचं इंटरनेट बंद ठेवा. वेस्टर्न डिजिटल कंपनीच्या माय बुक लाइव्ह नावाच्या अशाच डब्याला शेवटचा अपडेट 2015 साली मिळाला होता, मग जून 2021 मध्ये जगभरातल्या लोकांचे हे डबे बाहेरून कोणीतरी रीसेट केले आणि वर्षानुवर्षांचे फोटो एका रात्रीत पुसले गेले. अपडेट बंद झालेला डबा इंटरनेटवर उघडा ठेवणं म्हणजे हे.

आता तुमच्या रागाबद्दल, तो अगदी रास्त आहे. पूर्ण पैसे मोजून घेतलेली वस्तू कंपनीचं लॉगिन बंद झालं म्हणून उघडेना हे मला मुळीच पटत नाही. डिस्कच्या सक्तीचं तर ताजं उदाहरण आहे, असे डबे बनवणाऱ्या सिनॉलॉजी कंपनीने एप्रिल 2025 मध्ये जाहीर केलं की त्या वर्षीच्या प्लस मॉडेल्समध्ये आमच्या किंवा आम्ही पास केलेल्याच डिस्क चालतील. कारण दिलं की डबा भरवशाने चालावा, पण दुसऱ्या चांगल्या कंपनीची नवीकोरी डिस्क घातली तर नवीन सेटअपच होऊ द्यायचा नाही यात गिऱ्हाइकाचं काय भलं? लोक चिडले, खूप बोलले, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये डीएसएम 7.3 हे डब्याचं नवं सॉफ्टवेअर आणताना कंपनीने ती अट मागे घेतली. म्हणजे बोलल्याचा उपयोग होतो. तुम्हीपण कंपनीला लेखी ईमेल करा, फोनवर बोललेलं राहत नाही.

प्रश्न : गिरगावातून विचारतोय, नवीन घ्यायचाय. कंपनीचा डबा घेऊ की जुन्या पीसीचा बनवू?

उत्तर : घरात कोणाला हौस आणि वेळ असेल तर जुना पीसी, त्यात ओपनमीडियाव्हॉल्ट किंवा ट्रूनॅस हे पीसीचा स्टोरेज डबा करणारं सॉफ्टवेअर टाकून, दोन्ही फुकट मिळतात. डिस्क कुठलीही घाला, पण लाइट बिल डब्यापेक्षा जास्त येतं आणि बिघडलं की स्वतःलाच बसावं लागतं. वेळ नसेल तर डबा घ्या, फक्त दुकानदाराला आधी विचारा की कुठल्याही कंपनीची डिस्क चालते का, कंपनीचं अकाउंट न काढता लॉगिन होतं का, आणि डबा मेला तर डिस्क साध्या पीसीवर वाचता येते का. तिसऱ्याला गोलमोल उत्तर मिळालं तर मी तरी तो घेणार नाही.

काहीही घेतलंत तरी दोन डिस्कच्या मिररला बॅकअप समजू नका, एकीवरून फाइल डिलीट झाली की दुसरीवरूनही गेली. एक यूएसबी डिस्क दुसऱ्याच घरी ठेवा, बहिणीकडे म्हणा, मित्राकडे म्हणा. 26 जुलै 2005 ला तळमजल्यावर पाणी शिरलं तेव्हा लोकांचे अल्बम आणि निगेटिव्ह एकाच कपाटात होते, सगळेच भिजले.