घरच्या एम्ब्रॉयडरी मशीनवर दोरा सारखा तुटतो, खाली गुंता होतो. टेन्शन किती ठेवावं आणि दोरा कोणता घ्यावा?

आधी तो टेन्शनचा, म्हणजे दोऱ्याचा ताण ठरवणारा डायल सोडा. तुम्ही लिहिलंय की मशीन घेऊन सहा महिने झाले, ब्लाउजच्या बाहीवर डिझाइन करताना कधी खाली गुंता होतो, कधी वरच्या बाजूला बॉबिनचा, म्हणजे खालच्या छोट्या रिळाचा, पांढरा दोरा दिसतो, मधेच दोरा तुटतो, आणि टेन्शनचा आकडा दोनपासून सातपर्यंत सगळीकडे फिरवून झाला. मी लालबागला घरातूनच बाह्या, बुट्ट्या, बारशाच्या दुपट्यांवरची नावं करून देते, अकरा वर्षं झाली. माझ्याकडे ही तक्रार घेऊन आलेल्या बहुतेक मशीनमध्ये डायलचा काही दोष नव्हता. दोष ओवण्यात होता, नाहीतर सुईत, बॉबिनच्या केसमध्ये किंवा खुद्द दोऱ्यात. डायल फिरवला की तो दोष थोडा वेळ झाकला जातो आणि पुढच्या रंगाचं रीळ लावलं की परत डोकं वर काढतो.

तुमच्या प्रश्नातली एक गोष्ट मला लगेच खटकली. खालचा गुंता आणि वर दिसणारं पांढरं ही एकमेकांच्या उलट दुखणी आहेत. गुंता होतो म्हणजे वरच्या दोऱ्याला पकडच नाही, तो सैल सुटून कापडाखाली जमा होतो. गुंता खाली असतो म्हणून सगळे बॉबिनला दोष देतात, पण त्याचा रंग बघा, तो वरच्याच रिळाचा असतो. वर पांढरं दिसतं तेव्हा वरचा दोरा जास्त ओढला जातोय किंवा खालचा फार सैल आहे. एकाच मशीनवर दोन्ही होतंय याचा अर्थ, एका दुखण्यासाठी डायल फिरवला आणि त्यातून दुसरं उभं राहिलं.

गुंत्यापासून सुरुवात करा. दोरा रिळाजवळ कापा आणि उरलेला सुईच्या बाजूने पुढे ओढून काढा. मागे, रिळाकडे ओढू नका, त्याची लव टेन्शनमध्ये अडकून बसते. आता फूट, म्हणजे सुईखाली कापड दाबून धरणारा पाय, वर करा आणि मगच नव्याने ओवा. टेन्शन म्हणजे आत एकमेकींना लागून असलेल्या दोन चकत्या, त्यांच्यामधून दोरा जातो. फूट वर असताना त्या उघडतात, खाली असताना मिटतात. फूट खाली ठेवून ओवलंत तर दोरा मिटलेल्या चकत्यांच्या वरूनच निघून जातो. बाहेरून सगळं व्यवस्थित ओवलेलं दिसतं आणि पहिल्या दहा टाक्यांतच खाली जाळं तयार होतं. ओवून झाल्यावर, सुईत घालण्याआधी, दोरा हाताने ओढून बघा. फूट वर असताना तो सहज आला पाहिजे. फूट खाली केल्यावर बोटांना अडवणूक स्पष्ट जाणवली पाहिजे. दोन्ही वेळा सारखाच आला तर परत ओवा. मी आजही प्रत्येक रंग बदलताना हे करते. पाच सेकंदांचं काम आहे.

वर पांढरं दिसत असेल तर बॉबिनकडे वळा. गेल्या पावसाळ्यात परळची एक मुलगी मशीन चादरीत गुंडाळून टॅक्सीतून घेऊन आली. दुरुस्तीवाल्याने तिला आतला बोर्ड बदलायला सांगितलं होतं. मी बॉबिन केस काढून खिडकीशी उजेडात धरली. केसच्या कडेला एक बारीक पोलादी पत्ती असते. खालचा दोरा तिच्याखालून जातो, आणि त्याचं टेन्शन म्हणजे ती पत्तीच. त्या पत्तीच्या तोंडाशी करड्या लवेची एक गुठळी बसली होती, राजगिऱ्याच्या दाण्याएवढी. तेवढ्यानेच पत्ती उचलली गेली होती आणि खालचा दोरा मोकळा सुटत होता. व्हिजिटिंग कार्डाचा कोपरा, दोरा ज्या दिशेने जातो त्याच दिशेने पत्तीखालून सरकवला, गुठळी बाहेर आली, आणि पुढची बाही एकही पांढरा ठिपका न दिसता पूर्ण झाली. तिथे टाचणी किंवा सुई घालू नका. पत्तीवर ओरखडा पडला की दोरा तिथे कायम अडकत राहतो. तोंडाने फुंकरही मारू नका. वाफेने लव ओली होते आणि आणखी आत चिकटते. लहान ब्रश पुरतो.

पत्ती स्वच्छ असूनही पांढरं दिसतंय, तर वरचा दोरा कुठे अडतोय ते शोधा. रिळाच्या काठाला दोरा खोचायची खाच असते. ती दोरा निघतो त्या बाजूला आली की दर फेऱ्याला त्यात अडकतो. आडव्या दांडीवर रिळापेक्षा लहान टोपी लावली तरी हेच होतं. रेयॉन गुळगुळीत असल्याने उभ्या रिळावरून घसरून तळाशी जातो आणि दांडीलाच वेढे घेतो. त्यावर जाळीचा मोजा चढवा. पाच हजार मीटरचा मोठा कोन, म्हणजे शंकूच्या आकाराचं रीळ, आणला असेल तर तो मशीनच्या दांडीवर बसवायचा हट्ट करू नका, मागे वेगळ्या स्टँडवर ठेवा.

आता टेन्शन बरोबर आहे हे कसं ओळखायचं. मी एक नमुना करते: जाड सुती कापडावर सॅटिन टाक्यात, म्हणजे एकमेकांना लागून येणाऱ्या आडव्या भरीव टाक्यांत, ओळीने पाच काने, देवनागरीतला साधा काना, इंचभर उंच आणि तीन-चार मिलिमीटर रुंद. वर लाल दोरा, खाली पांढरा. मग कापड उलटं करून बघते. प्रत्येक कान्याच्या मधोमध पांढऱ्याची एक सरळ पट्टी दिसली पाहिजे, रुंदीच्या साधारण एक तृतीयांश, आणि दोन्ही बाजूंना लाल. पांढरं अजिबात नाही, सगळं लालच लाल, तर वरचा दोरा सैल. पांढरं काठापर्यंत पसरलंय तर वरचा घट्ट. पट्टी एकाच कान्यात वेडीवाकडी होत असेल तर डायलचा काही संबंध नाही, दोरा कुठेतरी अडून सुटतोय. सुलट बाजूकडे कितीही वेळ बघत बसलात तरी एवढी माहिती मिळणार नाही.

हे सगळं झाल्यावर डायल. शिवणकामाला जो आकडा ठेवता त्यापेक्षा भरतकामाला वरचं टेन्शन थोडं कमीच लागतं, कारण वरचा दोरा किंचित खालच्या बाजूला वळलेला हवा असतो. अर्धा आकडा बदला, एक काना शिवा, उलटून बघा. बॉबिन केसच्या स्क्रूला हात लावायचाच असेल तर आधी त्याच्या खाचेची दिशा नेलपॉलिशने टिपून ठेवा. एका वेळी घड्याळाच्या काट्याच्या पाच मिनिटांएवढंच फिरवा, जास्त नाही. बॉबिनमध्ये शिवणाचा नेहमीचा दोरा भरू नका. तो जाड पडतो, डिझाइन कडक होतं आणि सगळं गणित बदलतं. भरतकामाच्या बॉबिनचा दोरा बारीक असतो, ६० किंवा ९० नंबरचा. तुमच्या मशीनला कोणता ते पुस्तिकेत दिलेलं असतं. बॉबिनही मशीनसोबत आलेल्या मापाचीच हवी. आजीच्या काळ्या मशीनची लोखंडी बॉबिन जवळपास बसते, पण जवळपास बसून चालत नाही.

दोऱ्याच्या बाबतीत नंबर जितका मोठा तितका दोरा बारीक. बहुतेक तयार डिझाइन ४० नंबरचा दोरा धरून केलेली असतात, म्हणून घरात तोच जास्त ठेवा. आपल्याकडे कोनाच्या लेबलवर कधी ४० असतं, कधी १२०/२. दोन्ही जवळजवळ एकच. १२०/२ म्हणजे १२० डेनियरचे दोन पदर, मिळून २४० डेनियर, म्हणजे ९,००० मीटर दोऱ्याचं वजन २४० ग्रॅम. ४० नंबर म्हणजे किलोभर दोऱ्यात ४० किलोमीटर. हिशोब केलात तर किलोला साडेसदतीस किलोमीटर येतात, चाळीसच्या अगदी शेजारी. लहान नावांसाठी मात्र ६० नंबर घ्या. देवनागरीत वेलांटी, रफार, जोडाक्षरं एकमेकांना खेटून येतात. पाव इंचाच्या अक्षरात ४० नंबरचा दोरा वापरला की ‘श्री’चा गोळा होतो.

रेयॉन की पॉलिस्टर? ब्लाउजच्या बाहीला, खणाला, पैठणीच्या काठाशी जाणाऱ्या कामाला मी रेयॉनच वापरते. त्याची चमक मऊ असते, रेशमाजवळ परकी वाटत नाही. रेयॉन लाकडाच्या लगद्यापासून बनतो आणि ओला झाला की त्याची ताकद बरीच कमी होते. आपल्या मुंबईच्या जुलैत हवाच ओली असते, त्यामुळे उघड्या फळीवर ठेवलेलं रीळ मे महिन्यात नीट चालतं आणि आषाढात तुटायला लागतं. माझे सगळे रेयॉन घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत असतात. जे रोज धुतलं जाणार, म्हणजे टॉवेल, गणवेश, बाळाचे कपडे, त्याला पॉलिस्टर. ते मजबूत असतं आणि ब्लीचलाही टिकतं.

हे मी नुकसान सोसून शिकले. एका बारशासाठी पांढऱ्या दुपट्यावर लाल रेयॉनने नाव केलं होतं. कोन लेबल नसलेला, स्वस्तातला. बाळाच्या आजीने आदल्या दिवशी दुपटं धुतलं आणि नावाभोवती गुलाबी डाग पसरला. ती माऊली मला एक शब्द बोलली नाही, पण तिचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. मी रात्रीत दुसरं करून दिलं. तेव्हापासून प्रत्येक नवीन लाल, मरून आणि गडद निळ्या दोऱ्याचा वीतभर तुकडा ओला करून पांढऱ्या कापडात ठेवते आणि वरून इस्त्री फिरवते. कापडावर रंग उतरला तर तो दोरा माझ्या मशीनवर चढत नाही.

खरेदीला मंगलदास मार्केट-भुलेश्वरच्या बाजूला किंवा दादर पश्चिमेला टेलरिंग मटेरियलच्या दुकानात जा, आणि ‘कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरीचा दोरा’ असं म्हणा. नुसतं ‘मशीनचा दोरा’ म्हणालात तर मॅचिंग सेंटरमधला फॉल लावायचा दोरा हातात येईल. तो लवदार असतो, चमकत नाही आणि आठवड्यात बॉबिन केस लवेने भरून टाकतो. हाताने भरायच्या लडीही मशीनवर नकोत. नामांकित कंपन्यांचे दोरे महाग वाटतात, पण काळा, पांढरा, लाल आणि सोनेरी हे चार तरी चांगले घ्या. माझे वडील १९८२ च्या संपापर्यंत गिरणीत साचाखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, होते. सूत कसं बघायचं ते त्यांनी मला दाखवलं. हातभर दोरा ओढायचा, उजेडाकडे धरायचा आणि चिमटीतून हळू सरकवायचा. गाठ, जाड-बारीक जागा बोटाला आधी कळते, डोळ्याला नंतर. मग दोन्ही टोकं जवळ आणून दोरा सैल सोडायचा. थोडासा वळला तर ठीक, स्वतःभोवती गच्च पिळून गाठी घेऊ लागला तर पीळ जास्त आहे, असा दोरा सुईच्या तोंडाशी अडेल. दुकानदार घाई करतात. करू द्या.

सुई. एकच दोरा टाक्यात बसण्यापूर्वी सुईच्या नेढ्यातून कितीतरी वेळा मागेपुढे घासला जातो. म्हणून नेढं मोठं असलेली एम्ब्रॉयडरीची सुईच हवी, ७५/११ ची, आणि साधारण आठ तासांच्या कामानंतर ती बदला. पावसाळ्यात मशीनमध्ये तशीच राहिलेली सुई गंजते, तो गंज दोरा कापतो. दुकानात ‘एचए’ची ११ नंबर मागा, जिच्या दांड्याची एक बाजू सपाट असते. गोल दांड्याची कारखान्याच्या मशीनची असते. सपाट बाजू कुठल्या दिशेला ठेवायची ते तुमच्या पुस्तिकेतल्या चित्राप्रमाणे.

जरीचा दोरा तुटतो म्हणूनही विचारलंय. त्यात आत एक धागा आणि त्यावर चमकत्या पट्टीचा वेढा असतो. घासला की पट्टी सोलवटते, मागे नुसता धागा उरतो. त्याला ९०/१४ ची मोठ्या नेढ्याची सुई, वरचं टेन्शन बरंच कमी, वेग मिनिटाला चारशे टाक्यांच्या आत, आणि रीळ मशीनपासून हातभर लांब, म्हणजे पीळ वाटेत मोकळा होतो. जरीचा दोरा नेहमी डिझाइनच्या शेवटी ठेवा, मात्र आधीच्या टाक्यांच्या दाट थरातून त्याला जावं लागेल असं नको.

आणि दोरा नेमका एकाच जागी तुटत असेल तर डिझाइन लहान केलंय का ते आठवा. मूळ मापापेक्षा फार लहान केलं की काही मशीन टाके तेवढेच ठेवतात, आणि दाटीत सुईच अडकते.

आधी फूट वर करून ओवा, पत्ती साफ करा, नवी सुई लावा, डायल पुस्तिकेत दिलेल्या आकड्यावर परत आणा आणि पाच काने शिवा. नाही जमलं तर इथेच फोटो टाका, पण उलट्या बाजूचा, दिवसाच्या उजेडात काढलेला. सोबत दोऱ्याच्या लेबलवरचा आकडाही लिहा.