वाचकांचे प्रश्न : जनुकांतील फरक आणि रोगप्रवणता

प्रश्न : आमच्या अभ्यासक्रमात ‘उत्परिवर्तन’ आणि ‘बहुरूपता’ हे शब्द शेजारीशेजारी येतात. दोन्हींत डीएनएचा क्रमच बदललेला असतो, मग दोन नावे कशासाठी? (एक विद्यार्थिनी)

उत्तर : रेणूच्या पातळीवर पाहिले तर दोन्हींत काहीही फरक नाही, फरक आहे तो लोकसंख्येतील प्रमाणाचा. एखाद्या जागी डीएनएचे एकाहून अधिक पर्याय आढळत असतील आणि त्यांतील कमी आढळणाऱ्या पर्यायाचे प्रमाणही निदान १ टक्का असेल, तर त्या जागेला बहुरूपी म्हणावे, असा संकेत आहे. त्याहून विरळ बदलाला, विशेषतः त्याने आजार होत असेल तर, सर्रास उत्परिवर्तन म्हटले जाई. ही १ टक्क्याची रेघ माणसाने सोयीसाठी आखलेली आहे, आणि एका जनसमूहात विरळ असलेला बदल दुसऱ्यात नित्याचा असू शकतो, त्यामुळे आता अनेक संशोधक नुसते ‘रूपभेद’ म्हणणे पसंत करतात. आपल्या जनुकसंचात, म्हणजे पेशीतील संपूर्ण डीएनएत, सुमारे ३ अब्ज अक्षरे (डीएनएचे एकेक घटक) असतात आणि कोणाही व्यक्तीचा जनुकसंच संदर्भासाठी ठरवलेल्या क्रमाशी ताडून पाहिला, तर तो ४० ते ५० लाख ठिकाणी वेगळा निघतो. यांतील बहुतेक फरक एकेका अक्षराचे असतात, प्रयोगशाळेत त्यांना ‘स्निप’ म्हणतात, आणि त्यांतल्या बहुसंख्य फरकांचा प्रकृतीवर काहीही परिणाम होत नाही. पुढच्या प्रश्नातला घोटाळा नेमका याचाच विसर पडल्याने होतो.

प्रश्न : अमुक आजाराचे जनुक सापडले, अशी बातमी वरचेवर वाचायला मिळते आणि पुढे त्याचे काय झाले ते कळत नाही. हे संशोधक नेमके काय करतात, आणि त्यांचे शोध असे विरून का जातात?

उत्तर : आपली शंका रास्त आहे. कामाची रीत सांगायला सोपी आहे : आजार असलेल्यांचा एक गट घ्यायचा, तो नसलेल्यांचा दुसरा, तुलनेसाठीचा गट घ्यायचा, दोघांच्या रक्तातून डीएनए वेगळा करायचा आणि एखादा रूपभेद रुग्णांमध्ये अधिक आढळतो का, हे मोजायचे. फार वर्षे संशोधक आधी एखाद्या जनुकावर संशय घेत आणि मग त्यातलाच एखादा स्निप शंभर-दोनशे लोकांत तपासत. त्यातून शोधांचे पीक आले खरे, पण २००२ मध्ये अशा अभ्यासांचा एक मोठा आढावा घेतला गेला, तेव्हा तीन किंवा अधिक वेळा तपासल्या गेलेल्या १६६ संबंधांपैकी केवळ ६ सातत्याने टिकलेले आढळले. बाकीच्यांना कोणी लबाडी म्हटले नाही. गट लहान होते, योगायोगाने मिळालेले होकारार्थी निष्कर्ष छापून येत आणि नकारार्थी निष्कर्ष टेबलाच्या खणात पडून राहत.

दुसरा सापळा अधिक फसवा आहे. एरिक लँडर आणि निकोलस शॉर्क या जनुकशास्त्रज्ञांनी १९९४ मध्ये तो एका काल्पनिक उदाहरणाने समजावून दिला. एखाद्या मिश्र वस्तीच्या शहरात काड्यांनी जेवण्याच्या सवयीचे जनुक कोणी शोधू लागले, तर पूर्व आशियाई वंशाच्या लोकांत अधिक आढळणारा कोणताही रूपभेद त्या सवयीशी जोडलेला दिसेल, आणि त्याचा हाताच्या बोटांशी काडीमात्र संबंध नसेल. रुग्ण आणि तुलनागट यांचे पूर्वज वेगळे असले की आजाराच्या बाबतीतही हेच घडते. साधी चूकही पुरेशी असते : रुग्णांचे सगळे नमुने एका प्लेटवर आणि तुलनागटाचे सगळे दुसऱ्या प्लेटवर लावले, तर यंत्राच्या वाचनातला दोष आजाराचे कारण म्हणून समोर येतो. म्हणूनच तुलनागटातील जनुकप्रकारांचे (आई-वडिलांकडून आलेल्या पर्यायांच्या जोड्यांचे) प्रमाण हार्डी-वाइनबर्गच्या नियमाप्रमाणे, म्हणजे एकेका पर्यायाच्या प्रमाणावरून गणिताने अपेक्षित असते तसे, पडते का, हे आधी पाहतात. पडत नसेल, तर नवा शोध लागल्याच्या आनंदाआधी यंत्रावर संशय घ्यावा, हे या कामात लवकर शिकावे लागते.

आता संशय न धरता संपूर्ण जनुकसंचातील लाखो स्निप एकाच वेळी तपासतात. मात्र दहा लाख कसोट्या घेतल्यावर, वीसात एक योगायोग चालवून घेणारा नेहमीचा निकष लावला, तर पन्नास हजार खोटे संबंध निघतील. त्यामुळे २ कोटींत १ इतका कडक निकष ठरला आहे. २००५ मध्ये वार्धक्यात दृष्टिपटलाच्या मध्यभागाची झीज होणाऱ्या विकाराचा ‘पूरक घटक एच’ या रोगप्रतिकारक प्रथिनाच्या जनुकाशी असलेला संबंध अवघे ९६ रुग्ण आणि तुलनेला ५० व्यक्ती घेऊन सापडला, परंतु तेथे परिणाम विलक्षण मोठा होता. एरवी परिणाम इतके बारीक असतात, की ब्रिटनमधील २००७ च्या अभ्यासात सात आजारांचे मिळून सुमारे १४ हजार रुग्ण आणि ३ हजार जणांचा सामाईक तुलनागट घ्यावा लागला.

आणि संबंध पक्का झाला, तरी कारण सापडलेले नसते. शेजारशेजारचे रूपभेद पिढ्यान्‌पिढ्या एकत्र वारशाने येतात, त्यामुळे हाती लागलेला स्निप बहुधा खऱ्या कारणाचा शेजारी असतो. लठ्ठपणाशी जोडलेल्या ‘एफटीओ’ जनुकाची कथा बोलकी आहे. त्याचा धोकादायक पर्याय आई आणि वडील दोघांकडून मिळालेल्यांचे वजन सरासरीने सुमारे ३ किलो जास्त असते, हे २००७ मध्ये दिसले, आणि वर्षानुवर्षे सगळे त्याच जनुकाच्या मागे लागले. २०१४ मध्ये लक्षात आले, की त्या जागेतील बदल लाखो अक्षरे दूर असलेल्या ‘आयआरएक्स३’ या जनुकावर नियंत्रण ठेवतात. नाव एकाचे, काम दुसऱ्याचे. बातमीत या सात वर्षांना जागा नसते.

प्रश्न : घरच्या घरी लाळेचा नमुना देऊन मी जनुकीय तपासणी केली. ‘एपीओई’ जनुकाचा ‘ई४’ प्रकार आई-वडिलांपैकी एकाकडून, म्हणजे एकाच प्रतीत, आला आहे, असा अहवाल आहे. वडिलांना अल्झायमर होता. मला तो होणारच का?

उत्तर : नाही, तसे म्हणता येत नाही. या प्रकाराचा अल्झायमरशी असलेला संबंध १९९३ मध्ये दिसला आणि पुढील असंख्य तपासण्यांत टिकला, म्हणजे तो विरून जाणाऱ्यांतला नव्हे. युरोपीय वंशाच्या लोकांत एका प्रतीने धोका सुमारे तिप्पट होतो आणि दोन प्रतींनी त्याहून बराच अधिक वाढतो; इतर वंशांत हे आकडे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. पण तिप्पट कशाच्या, हे विचारल्याशिवाय त्या शब्दाला अर्थ नाही. समजा, एखाद्या वयोगटात शंभरांपैकी दोघांना आजार होत असेल, तर तिप्पट म्हणजे सहा, आणि चौऱ्याण्णव जण त्यातून सुटलेलेच असतात. ‘ई४’ असूनही म्हातारपणापर्यंत स्मृती शाबूत राहिलेले अनेक आहेत, आणि ‘ई४’ नसलेले अनेक रुग्णही आहेत.

याउलट हंटिंग्टनच्या या मेंदूच्या आनुवंशिक आजारात एका जनुकातील तीन अक्षरी तुकडा ४० किंवा अधिक वेळा पुन्हा आला असेल, तर पुरेसे आयुष्य लाभल्यास आजार जवळजवळ निश्चित असतो. दोन्ही अहवाल कागदावर सारखेच दिसतात, हीच अडचण आहे. आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी : वडिलांचा आजार आणि आपला ‘ई४’ हे दोन वेगळे धोके समजून त्यांची बेरीज करू नये, कारण घराण्यातील प्रवणतेचा काही भाग त्याच ‘ई४’मुळे आलेला असू शकतो. निष्कर्ष वैद्यकीय प्रयोगशाळेत पडताळून घ्यावा आणि जनुकीय समुपदेशकाशी एकदा सविस्तर बोलावे. तोवर रक्तदाब आणि मधुमेह आटोक्यात ठेवणे, ऐकू कमी येत असल्यास त्यावर उपचार घेणे, हे ‘ई४’ असो वा नसो, हिताचेच आहे.

प्रश्न : असे घातक रूपभेद निसर्गाने काढून का टाकले नाहीत?

उत्तर : काही वेळा तो घातक पर्याय दुसऱ्या बाजूने तारक असतो. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आले, की दोन प्रती असलेल्याला सिकलसेल आजार होतो. पण एकच प्रत असलेल्याला हिवतापाच्या तीव्र रूपापासून संरक्षण मिळते, हे अँथनी अ‍ॅलिसन यांनी १९५४ मध्ये दाखवले. पश्चिम आफ्रिकी वंशाच्या लोकांत आढळणारे ‘एपीओएल१’ या जनुकाचे रूपभेद निद्रारोगाच्या परजीवीला मारतात आणि दोन प्रती असल्यास मूत्रपिंडाच्या आजाराचा धोका वाढवतात. जे आजार अपत्ये झाल्यानंतर, उतारवयात येतात, त्यांच्यावर नैसर्गिक निवडीचा दाबच फारसा पडत नाही.

प्रश्न : या सगळ्याचा रुग्णाला आज प्रत्यक्ष उपयोग काय?

उत्तर : आजाराच्या भाकितापेक्षा औषधांच्या बाबतीत हा उपयोग अधिक ठळक आहे. एचआयव्हीवरील ‘अबाकॅव्हिर’ काही रुग्णांत गंभीर अतिसंवेदनशीलता निर्माण करते. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत औषधाआधी ‘एचएलए-बी*५७:०१’ या रोगप्रतिकारक जनुकाच्या रूपभेदाची तपासणी करून तो असलेल्यांना औषध टाळले, तेव्हा त्वचा-चाचणीने निश्चित झालेल्या प्रतिक्रियांचे प्रमाण २.७ टक्क्यांवरून शून्यावर आले. ‘जी६पीडी’ विकराची कमतरता असलेल्याला हिवतापावरील ‘प्रायमाक्विन’ दिल्यास रक्तपेशी फुटतात, म्हणून तेही आधी तपासतात. अपस्मारावरील ‘कार्बामाझेपिन’ने त्वचा सोलून निघण्याचा जीवघेणा विकार ‘एचएलए-बी*१५:०२’ असलेल्यांत होतो, असे २००४ मध्ये तैवानमधील हान चिनी रुग्णांत दिसले. हा रूपभेद आग्नेय आशियातील अनेक जनसमूहांत आढळतो आणि युरोपीय लोकांत क्वचितच. त्यामुळे केवळ युरोपीय रुग्ण तपासून हा संबंध हाती लागला नसता. तरीही २०१६ मध्ये गणना केली गेली, तेव्हा अशा जनुकसंचव्यापी अभ्यासांतील ८१ टक्के सहभागी युरोपीय वंशाचेच होते.